वाढत्या अंगाचं

एम. जी. रोडवर, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर,
छाजेडांच्या दुकानात एसी आहे, लावलेला नाही.
पर्समध्ये चौतीस हजार, त्यातले सहा भिशीचे.
नोटा याच गावात छापतात, नाशिकरोडला,
तरी मोजताना दर वेळी
एखादी कमीच भरते.

रेहान काचेवर दोन खोकी ठेवतो.
पहिल्यात सहा कोर, जुन्या सॉकेटचा, आजच्या कामाला दणकट.
"पण ताई, ह्याच्यापुढे गल्ली बंद."
दुसऱ्यातही सहाच.
बोर्ड आणि रॅम धरून साडेसात हजारांनी महाग.
"इथे मात्र उद्या ह्याचा मोठा भाऊ येऊन बसेल.
बोर्ड तोच. हा उचलायचा, तो ठेवायचा."
उद्या म्हणजे किती तारीख, मी विचारते.
तो हसतो, कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवतो.

अंबडच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं
डायची ड्रॉइंगं काढली, कंपनीच्या कॉम्प्युटरवर.
असेम्ब्ली फिरवायला घेतली की स्क्रीन गोठायचा,
तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा.
आता पाथर्डी फाट्याला दीड खोलीत
स्वतःचं टेबल.
कामं दोन. तिसरं "बघू" म्हणालंय.
दोन कामांना किती कोर लागतात ते मला सांगता येईल.
"बघू"ला किती लागतात?

आई युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवून घ्यायची.
जूनमध्ये मी त्यात हरवलेली,
खांद्याची शिवण दंडावर.
आणि अंग भरेपर्यंत कोपरं विरलेली असत.
मग ती खालची टीप उसवायची
आणि एक पट्टा निघायचा, गडद निळा, न विटलेला,
मागच्या बाकावरूनही दिसेल असा:
हिची उंची वाढली, स्कर्ट तोच आहे.
चौथीत मी त्या पट्ट्यावर दप्तर धरून चालायचे.
आज त्याच पट्ट्यासाठी
साडेसात हजार जास्त मोजू का, म्हणून उभी आहे.

मोहाडीच्या मामाला फोन लावला. उगाच.
तो म्हणाला, एप्रिलची छाटणी कुणाला दिसत नाही गं,
माल मात्र तिथेच ठरतो.
मामा, पण ह्याला डोळे फुटत नाहीत.
हा नुसता बसून जुना होतो.
यावर तो द्राक्षाच्या भावाकडे वळला.

शेवटी मला माझंच काम आठवलं.
पंच आणि डाय यांच्यात मी रोज जागा सोडते,
केसापेक्षा बारीक. नाही सोडली
तर पहिल्याच ठोक्याला अडकतात.
ड्रॉइंगमध्ये तिला क्लिअरन्स म्हणतात,
आणि तिचे पैसे आजवर कुणी लावले नाहीत.
इथे लागतात, एवढंच.

दुसरा घेतला.
रॅमची एकच पट्टी, शेजारचा खाचा रिकामा.
ग्राफिक्स कार्डाची ती लांबलचक जागा, तीही रिकामी.
रेहाननं सॉकेट उघडलं तेव्हा
आत शेकडो सोनेरी टोकं, सगळी एका दिशेला कललेली,
आणि आम्ही दोघांनीही श्वास धरला.
खाली रिक्षावाले सीबीएस, सीबीएस ओरडत होते.
त्यानं प्रोसेसर अलगद सोडला.
दाबला नाही. आपल्या वजनानं बसला.

"हे काळं झाकण टाकू नका ताई, वॉरंटीला लागतं."

आता जुनी असेम्ब्ली नऊ सेकंदांत उघडते.
चहाला वेगळं उठावं लागतं.
तिसऱ्याचा फोन आलेला नाही.
झाकण शिवणाच्या डब्यात आहे, बॉबिनांजवळ,
आगपेटीपेक्षा लहान.
बटण शोधताना परवा हाताला लागलं.
क्षणभर कळेना कशाचं आहे.
मग ठेवलं परत.